नाविक आडवे जातात, उभे नाहीत

छापून आलेला आकडा कुठून आला हे न विचारता शंभरातली त्र्याण्णव माणसं तो खरा मानतात, असं अलीकडच्या एका संशोधनात सिद्ध झालं आहे. परिस्थिती एवढी गंभीर असताना जबलपुरातल्या एका महाविद्यालयाने प्रकाशित संशोधनाचं चिकित्सक परीक्षण करणारी समिती नेमावी, हे योग्यच झालं. समितीत पाच जण होते. पाचही जण जबाबदार होते, म्हणजे त्यांतल्या एकानेही परीक्षणासाठी आलेला निबंध कधी उघडून पाहिला नव्हता, आणि काम सुरळीत चाललं होतं.

समिती तशी जुनी होती, पण यंदा ती नव्याने नेमायला कारण घडलं होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मूल्यांकन पथक यायचं होतं. पथक दोन गोष्टी तपासणार होतं. महाविद्यालयात संशोधन होतं का, आणि झालेल्या संशोधनाकडे कोणी ढुंकून बघतं का. पहिलीची काळजी नव्हती. सत्तावीस प्राध्यापकांनी मिळून वर्षभरात तीनशे अठरा शोधनिबंध छापून आणले होते. त्यांतले दोन काविळीने चार महिने अंथरुणाला खिळलेल्या ग्रंथपालांचे होते, आणि एक जूनमध्ये वारलेल्या प्राध्यापकांचा होता, जो त्यांनी ऑक्टोबरात सादर केला होता. राहिली दुसरी गोष्ट. तिच्यासाठी ही समिती.

समितीतला सगळ्यांत लहान सभासद आल्हाद खानझोडे. वय एकोणतीस, पीएच.डी. झालेला, स्वभाव सरळ. ही शेवटची बाब अर्जात लिहायला जागा नव्हती म्हणून त्याची निवड झाली होती. नोकरी दोन वर्षांच्या परिवीक्षेवर, आणि ती परिवीक्षा एकतीस मार्चला संपत होती. पक्कं व्हायचं तर ‘परीक्षणकार्यात समाधानकारक सहभाग’ असं प्रमाणपत्र विभागप्रमुखांच्या सहीने लागत होतं. नाही मिळालं तर एक एप्रिलपासून घरी. त्याच्या खुर्चीवर आधी बसलेले दोघे पक्के व्हायच्या आठवड्यातच घरी गेले होते. खुर्ची त्यामुळे अजून नव्यासारखी होती.

घर रांझीला. तिथे वडील, शांताराम खानझोडे, रोज संध्याकाळी चहाच्या कपामागून एकच प्रश्न विचारत.

“झालं का बे पक्कं?”

“होऊन राहिलं बाबा.”

“होऊन राहिलं म्हणजे झालं नाही.”

शांतारामांनी पस्तीस वर्षं संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. झालं आणि होऊन राहिलं यांतला फरक त्यांना चांगला कळत होता.

समितीची कामाची रीत अनुभवातून घडलेली होती. प्रत्येक निबंधासोबत ‘प्रपत्र क्रमांक चौदा’ यायचं. त्यात रकाने होते. शीर्षकात मध्ये अपूर्णविराम आहे का, समास दोन्हीकडून सारखे आहेत का, संदर्भ चाळीसच्या वर आहेत का, नियतकालिकाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द आहे का, मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल आहे का. निबंधात लिहिलंय ते खरं आहे का, असा रकाना नव्हता. तो असता तर परीक्षण व्यक्तिनिष्ठ झालं असतं. परीक्षण निःपक्षपाती व्हावं म्हणून लेखकाच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवायची. आणि परीक्षकाचा वेळ वाचावा म्हणून प्रपत्र लेखकानेच शिसपेन्सिलीने भरून पाठवायचं. परीक्षकाने त्यावरून फक्त पेन फिरवायचं. सगळ्यांत शेवटी ‘इतर अभिप्राय (कमाल पाच शब्द)’ अशी एक ओळ होती, आणि तिथे परंपरेने ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा, सर’ हे पाच शब्द लिहिले जात. लेखिका असली तर ‘सर’च्या जागी ‘मॅडम’. तेवढाच काय तो परीक्षकाच्या विवेकबुद्धीला वाव.

फाईलसोबत खोव्याच्या जिलबीचा एक डबा येई. कागदोपत्री त्याला ‘परीक्षणपूरक साहित्य’ म्हणत.

एकोणीस फेब्रुवारीला आल्हादच्या टेबलावर एक फाईल आली आणि डबा तिच्यावर तिरका ठेवला गेला. जिलबी ताजी होती, पाक पातळ होता, शिपाई घाईत होता. आल्हाद तास घेऊन परत आला तोवर पाक फाईलभर पसरून पृष्ठ तीन ते अकरा एकमेकांना घट्ट चिकटली होती. फाईल विभागप्रमुखांच्या कपाटात स्वच्छ परत जायला हवी होती. आल्हादने फूटपट्टीने एकेक पान सोडवलं, रुमाल ओला केला आणि ओळीओळीने पुसायला घेतलं. आता पुसायचं म्हटलं की काय पुसतोय ते बघावं लागतं. तिथेच घात झाला. नऊ पानं पुसून होईपर्यंत त्याने नऊ पानं वाचलेली होती.

निबंधाचं नाव होतं ‘नर्मदातटीय नाविकांच्या मानसिक स्वास्थ्यावर वल्हवण्याच्या दिशेचा परिणाम : एक सर्वंकष अध्ययन’. साल दोन हजार एकोणीस. लेखकाच्या नावावर पांढरी पट्टी होती, त्यामुळे लेखक कोण हे कळायला काहीच मार्ग नव्हता. फक्त तिसऱ्या पानावर ऋणनिर्देशात एक वाक्य होतं, ‘विभागप्रमुख डॉ. अच्युत सोनटक्के यांच्या प्रेरणेशिवाय मी, डॉ. अच्युत सोनटक्के, हे कार्य करू शकलो नसतो.’

पुढे मजकूर असा होता. ग्वारीघाटावरच्या चारशे बारा नाविकांची पाहणी केली. त्यांतले दोनशे सहा प्रवाहाच्या दिशेने नाव नेतात आणि दोनशे सहा प्रवाहाविरुद्ध. प्रवाहाविरुद्ध जाणारे अडतीस टक्क्यांनी अधिक समाधानी आढळले. म्हणून शिफारस : देशातील सर्व नाविकांनी जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, प्रवाहाविरुद्धच जावे.

हे वाक्य आल्हादने तीनदा पुसलं. ते गेलं नाही.

आल्हाद लहानपणापासून ग्वारीघाटावर जात आला होता. आईने नवस बोलावा आणि त्याने दिवा सोडावा, असं बारावीपर्यंत चाललं होतं. तिथल्या नावा कुठे जातात हे त्याला पाठ होतं. समोरच्या काठावरच्या गुरुद्वाऱ्याला, आणि परत.

मधल्या सुट्टीत त्याने ही गोष्ट मनीषादीदींच्या कानावर घातली. त्या समितीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ. अठरा वर्षांत त्यांनी साडेसहाशे निबंधांवरून पेन फिरवलं होतं. हातातला समोसा त्यांनी खाली ठेवला.

“वाचलास? काहून?”

“दीदी, जिलबीचा पाक सांडला होता.”

“मग पाक पुसायचा ना! वाचायला कोणी सांगितलं तुला? मी अठरा वर्षांपासून परीक्षण करून राहिली, एकदा तरी ऐकलंस मी काही वाचलं म्हणून?” त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. “किती पानं?”

“नऊ.”

“चलो, नऊच आहेत. कोणाला सांगू नको. दोन दिवसांत विसरशील. मला एकदा चुकून सारांश दिसला होता, मी बी विसरली.”

पण आल्हाद विसरला नाही. रविवारी तो मोटारसायकल काढून घाटावर गेला. फुलवाल्या, नारळवाले, पंडे सगळ्यांना चुकवत पायऱ्या उतरला आणि ओळखीच्या बर्मनदादांच्या नावेत जाऊन बसला. नावेच्या पुढच्या टोकावर पांढऱ्या रंगात मोठ्ठा ‘९३’ लिहिलेला होता.

“दादा, नाव धार के साथ ले जाते हो कि धार के उलटे?”

बर्मनदादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं उन्हात फार वेळ राहिलेल्या माणसाकडे बघतात. “काय भैया, धार में कौन जात है? इस पार से उस पार, उस पार से इस पार. धार में जाएँगे तो सवारी उतरेगी कहाँ?”

“और चार सौ बारह नाववाले हैं यहाँ?”

“सत्तर-अस्सी होंगे. मेले में सौ.”

“तुम्हारी नाव पर तो तिरानबे लिखा है.”

“वो तो पेंटर ने अपने मन से डाल दिया. बोला, अच्छा दिखता है.”

आल्हादने शेवटचा प्रश्न विचारला. कॉलेजातले कोणी साहेब कधी सर्वे करायला आले होते का?

“आए थे एक,” बर्मनदादा म्हणाले. “गाड़ी से नहीं उतरे. हम ऊपर सड़क पे चाय पी रहे थे. काँच नीचे करके पूछा, खुश हो? हम बोले, हौ. बोले ठीक है, और काँच ऊपर.”

म्हणजे चारशे बारा नाविक म्हणजे एक ‘हौ’ होता, आणि तोही चहा पिताना.

संध्याकाळी आल्हादने वडिलांना सगळं सांगितलं. शांतारामांनी कप बाजूला ठेवला. त्यांच्या आयुष्यात कप बाजूला ठेवण्याचे प्रसंग फार आले नव्हते.

“हे बघ. आमच्याकडे मापाचं गेज असायचं. त्याचं एक टोक तुकड्यात गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. बस. माल कोणी बनवला, फोरमन कोण, साहेबाचा साला आहे का, मी कधी विचारलं नाही. मापात बसला तर पुढे. नाही बसला तर लाल रंग फासायचा आणि बाजूला टाकायचा. तू काय करून राहिला?”

“आमच्याकडे माल बनवणाराच गेज देतो बाबा. पेन्सिलीने भरून.”

शांतारामांनी त्याच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाले, “तरी लाल रंग तुझ्याच हातात आहे ना?”

सोमवारी आल्हादने प्रपत्र समोर घेतलं. समासांवरून पेन फिरवलं, संदर्भांवरून फिरवलं, पृथ्वीच्या गोलावरूनही फिरवलं, कारण गोल खरोखरच होता. शेवटच्या ओळीवर तो थांबला. तिथे पेन्सिलीने शुभेच्छा लिहिलेल्या होत्या. त्याने खोडरबर घेतलं, शुभेच्छा पुसल्या, आणि नियमाचा भंग होऊ नये म्हणून मोजून पाच शब्द लिहिले.

‘नाविक आडवे जातात, उभे नाहीत.’

तिसऱ्या दिवशी त्याला नोटीस मिळाली. ‘आपण दि. १९ फेब्रुवारी रोजी कार्यालयीन वेळेत एका प्रकाशित शोधनिबंधाची पृष्ठे ३ ते ११ वाचली असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वाचन कोणाच्या परवानगीने व कोणत्या हेतूने केले, याचा खुलासा सात दिवसांत करावा. वाचन अनवधानाने घडले असल्यास तसे लेखी कळवावे, सहानुभूतीने विचार केला जाईल.’

त्याने खरं ते लिहून दिलं. जिलबी, पाक, रुमाल, रविवारचा घाट. संस्थेने तत्परतेने दखल घेतली. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं की यापुढे परीक्षणपूरक साहित्य कोरडे असावे. पेढे किंवा नमकीन यांस प्राधान्य द्यावे.

मग डॉ. सोनटक्क्यांनी त्याला बोलावलं. सर गोरे, गुटगुटीत आणि अत्यंत सौम्य होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर सन्मानचिन्हं इतकी होती की भिंत आहे की नाही याबद्दल विभागात दोन मतप्रवाह होते.

“बसा, आल्हादजी. मी नाराज नाही. जिज्ञासा चांगली असते. पण घाटावर कशाला गेलात?”

“सर, खात्री करायला.”

“देखिए, निबंध घाटाबद्दल लिहिलेला आहे. घाटावर नाही. दोन वेगळी क्षेत्रं आहेत ही.”

“पण सर, नावा आडव्या जातात.”

“आज जातात. मी लिहिलं एकोणीस साली. तेव्हापासून नावा आडव्या झाल्या असतील तर तो नावांचा दोष.” सरांनी चष्मा पुसला. “आणि या निबंधाचा आधार किती जणांनी घेतलाय, कल्पना आहे? एकसष्ट. एकसष्ट शोधनिबंध याच्यावर उभे आहेत. त्यांच्यावर आणखी चारशे. खालचा काढला तर माणसं मरतील, आल्हादजी. म्हणजे बढत्या मरतील. एकच गोष्ट झाली.”

“सर, पण कोणीतरी सांगायला तर हवं.”

“हवं ना,” सर मायेने म्हणाले. “म्हणूनच चौकशी समिती नेमली आहे.”

चौकशीला संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब स्वतः बसले. बापूसाहेबांना वाचनाची आवड नव्हती, निर्णयाची होती. दोन्ही बाजू त्यांनी शांतपणे ऐकल्या, दरम्यान दोन फोनही घेतले आणि मग टेबलावर बोटं वाजवत विचारलं, “निबंध छापून झालाय का?”

“हो, साहेब,” सोनटक्के म्हणाले.

“घाट छापलाय का?”

“नाही, साहेब.”

“मग झालं ना! छापलेलं कसं बदलणार? घाट बदला.”

इतिवृत्तात हे जरा भारदस्त करून लिहिलं गेलं. ‘प्रकाशित संशोधन व प्रत्यक्ष परिस्थिती यांत तफावत आढळल्याने, परिस्थितीत आवश्यक त्या सुधारणा कराव्यात. पथकाच्या भेटीपूर्वी कार्यवाही पूर्ण व्हावी.’ पथकाला ‘संशोधनाचा समाजोपयोग’ या रकान्याखाली ग्वारीघाटच दाखवायचं ठरलं. आल्हादच्या प्रमाणपत्राचा निर्णय भेटीनंतर. तोवर त्याने कार्यवाहीत सहभागी व्हावं, म्हणजे त्याचा सहभाग समाधानकारक होता की नाही हे बघता येईल.

दहा मार्चला सकाळी सात वाजता घाट सुधारायला सुरुवात झाली. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्यांना लाल जाकिटं, प्रवाहासोबत जाणाऱ्यांना निळी. खरे नाविक निघाले श्याहत्तर. उरलेले तीनशे छत्तीस बी.कॉम. द्वितीय वर्षातून घेतले, पंच्याहत्तर टक्के हजेरी लावून देण्याच्या अटीवर. त्यांना गमछे बांधले. त्यांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं, म्हणून त्यांना पायऱ्यांवर बसवून हातात वल्ही दिली आणि ‘विश्रांती घेणारे नाविक’ असा फलक लावला.

नदीवर मात्र गोंधळ झाला. उभ्या जाणाऱ्या नावा एकमेकींवर आदळू लागल्या, कारण ग्वारीघाटाच्या नावांनी धारेतून येणारी नाव कधी पाहिलेलीच नव्हती. गुरुद्वाऱ्याला निघालेलं एक कुटुंब सकाळपासून चार वेळा नावेत बसलं आणि चार वेळा ग्वारीघाटालाच उतरलं. चौथ्यांदा आजोबा म्हणाले, “सामने दिख तो रहा है!” एका प्राध्यापकाने त्यांना समजावलं की दिसणं हा पुरावा नव्हे.

आल्हाद पायऱ्यांवर उभा होता. त्याच्या खिशात एक चिठ्ठी होती. तिच्यात श्याहत्तर नाविक, एक ‘हौ’, पेंटरचा आकडा, सगळं क्रमाने लिहिलेलं होतं. पथकप्रमुख गीतांजली मॅडम दिल्लीहून आल्या होत्या, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या गाडीतून उतरून थेट पायऱ्या उतरत होत्या. म्हणजे काचेआडून विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या. यांना सांगायचं, आल्हादने ठरवलं. पक्कं होवो न होवो. लाल रंग आपल्याच हातात आहे.

एवढ्यात डॉ. सोनटक्के शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या काखेत एक जाडजूड, तपकिरी कापडी बांधणीचा ग्रंथ होता.

“आल्हादजी, एक छोटंसं वाचन करा. आज परवानगी आहे. पान अठ्ठावन्न.”

आल्हादने पुठ्ठा ओळखला. तो त्याच्याच पीएच.डी.चा प्रबंध होता, ‘औद्योगिक कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान’. पान अठ्ठावन्नवर प्रकरण तिसऱ्याची सुरुवात होती. ‘सोनटक्के (२०१९) यांनी निर्विवादपणे सिद्ध केल्याप्रमाणे, प्रवाहाविरुद्ध श्रम करणारी व्यक्ती अडतीस टक्के अधिक समाधानी असते. प्रस्तुत प्रबंधाची संपूर्ण मांडणी याच निष्कर्षावर आधारलेली आहे.’

त्याला आठवलं. हे वाक्य त्याने एका सीनियरच्या प्रबंधातून उचललं होतं, सीनियरने आणखी कोणाच्या तरी. सोनटक्के (२०१९) हा कागद त्याने जिलबी सांडेपर्यंत पाहिला नव्हता.

“एकसष्टांतले चव्वेचाळिसावे तुम्ही,” सर हळूच म्हणाले. “‘निर्विवादपणे’ हा शब्द फार आवडला मला. मी स्वतःसुद्धा एवढं म्हटलं नव्हतं.”

“सर, तुम्ही हा प्रबंध कधी वाचलात?”

“मी? मीच तर तुमचा बाह्य परीक्षक होतो!” सरांना खरोखर वाईट वाटल्यासारखं झालं. “मी नाही वाचला. विश्वास ठेवला, आल्हादजी. पान परवा मनीषा मॅडमनी शोधून दिलं.”

खाली पाण्याजवळ गीतांजली मॅडम बर्मनदादांशी बोलत होत्या. दादांच्या अंगात लाल जाकीट होतं आणि हाताला फोड आले होते.

“आप खुश हैं?”

“मैडम, उस पार कब जाने देंगे?”

“ध्येयासक्ती,” सोनटक्के पुढे होत म्हणाले. “प्रवाहाविरुद्धच्या गटात ही फार तीव्र आढळते.”

मॅडमनी टिपून घेतलं. मग नदीकडे, आदळणाऱ्या नावांकडे, पायऱ्यांवरच्या विश्रांती घेणाऱ्या तीनशे छत्तीस नाविकांकडे पाहिलं. कपाळावर एक आठी आली. त्या आल्हादकडे वळल्या.

“परीक्षक तुम्हीच ना? तुम्ही हा निबंध प्रत्यक्ष वाचलात असं ऐकलं. असं सहसा ऐकायला मिळत नाही. सांगा, तुमचं मत काय?”

घाट शांत झाला. निदान आल्हादला तसं वाटलं. उजवा हात खिशातल्या चिठ्ठीवर होता, डाव्या हातात पान अठ्ठावन्न उघडं होतं. खालचा काढला तर वरचा कोसळणार, आणि वरचा तो स्वतः होता. त्याने मोजून पाच शब्द उच्चारले.

“पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा, सर.”

मॅडमच्या कपाळावरची आठी गेली. परीक्षकाने एवढ्या नेमक्या शब्दांत मत द्यावं, याचं त्यांनी अहवालात स्वतंत्र कौतुक केलं. महाविद्यालयाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. गुरुद्वाऱ्याला निघालेलं कुटुंब संध्याकाळी पूल ओलांडून गेलं.

एकतीस मार्चला आल्हाद पक्का झाला. पत्र घेऊन तो घरी आला तेव्हा शांताराम जुनं वर्तमानपत्र उलगडून बसले होते. घाटाचा रंगीत फोटो होता.

“पक्कं झालं बाबा.”

“अच्छा.” त्यांनी फोटोतल्या जाकिटांवर बोट ठेवलं. “हे लाल लावलेले सगळे बाद केले का?”

“नाही. ते पास झाले.”

“मापात बसले?”

“बसवले.”

शांतारामांनी वर्तमानपत्राची घडी घातली, कप उचलला आणि चहा प्यायला लागले. त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळचा प्रश्न विचारणं बंद केलं. पक्कं झाल्यामुळे असेल.

पक्क्या माणसाला वर्षाला बारा निबंध छापावे लागतात. पहिल्याचा विषय सोनटक्के सरांनीच सुचवला. लोक छापील आकड्यावर कितपत विश्वास ठेवतात, याचा अभ्यास. आल्हाद स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसला. प्रस्तावना झाली, ऋणनिर्देश झाला, संदर्भ बेचाळीस झाले. निष्कर्षात एक आकडा हवा होता.

“सर्वे करून राहिला का?” मनीषादीदींनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

“चारशे बारा लोकांचा झाला दीदी. फक्त किती जण विश्वास ठेवतात तेवढं राहिलंय.”

“मग टाक ना. काहून अडला?”

आल्हादने डोळे मिटले. त्याला नदी दिसली, आणि नदीवर एक नाव, पुढच्या टोकावर पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिलेला. दिसायला अच्छा दिसत होता. त्याने तोच टाकला.

मनीषादीदींनी परीक्षण केलं, एका दुपारी, कागदावरून पेन न उचलता. निबंध छापून आला, मुखपृष्ठावर पृथ्वीच्या गोलासकट. आजवर तो सतरा जणांनी संदर्भाला घेतला, आणि आल्हादला फोन करून हा आकडा कुठून आणला असं त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. सुरुवातीला त्याला अपराधी वाटायचं. आता वाटत नाही. आकडा खोटा होता हे खरं, पण लोकच तो रोज थोडा थोडा खरा करत चालले आहेत.

अठराव्यांदा तो या गोष्टीच्या पहिल्या ओळीत छापला गेला. तो तुम्ही वाचलात, कदाचित मानही डोलावलीत, आणि पुढे आलात. तुमचं प्रपत्र शिसपेन्सिलीने भरून तयार आहे. फक्त पेन फिरवा.